इटलीच्या बाजारात जुनी नाणी घेताना लागणारे इटालियन

परदेशी भाषेची पर्यटकांसाठी काढलेली पुस्तिका उघडली, तर त्यात ‘याची किंमत काय?’ हे वाक्य हमखास सापडते. जुन्या नाण्यांच्या खरेदीत मात्र किंमत विचारण्याला फारसे कौशल्य लागत नाही, कारण ती बहुतेक वेळा पाकिटावर लिहिलेलीच असते. खरेदी चांगली की वाईट हे ठरते ते नाण्याची अवस्था, त्याच्यातले दोष, त्याचा खरेपणा आणि ते कोठून आले याविषयी आपण काय विचारतो आणि विक्रेत्याने दिलेले उत्तर आपल्याला कितपत कळते यावर. म्हणून या लेखात प्रश्नांइतकीच उत्तरेही दिली आहेत, आणि बाजारात ती ज्या क्रमाने कामाला येतात त्याच क्रमाने. मिलान, तोरीनो किंवा बोलोन्या येथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आणि इटलीला जाणाऱ्या आपल्याकडच्या नाणेसंग्राहकांना एवढे इटालियन एका आठवड्याच्या सरावात सहज जमेल.

पहिली पायरी: कोणता बाजार

सगळे बाजार एका स्वभावाचे नसतात. मिलानमध्ये कोर्दूझियो चौकाजवळच्या व्हिया आर्मोरारी या रस्त्यावर रविवारी सकाळी नाणी आणि टपाल तिकिटांचा बाजार भरतो. तेथे येणारे विक्रेते आणि ग्राहक दोघेही जाणकार असतात, त्यामुळे नवख्याने सुरुवात करावी ती तेथूनच, असे माझे मत आहे. तोस्काना प्रांतातील आरेत्सो येथे १९६८ पासून दर महिन्याचा पहिला रविवार आणि त्याच्या आदल्या शनिवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. तेथे लाकडी कपाटे आणि चित्रांच्या चौकटी यांच्यामध्ये नाण्यांची टेबले शोधावी लागतात. तोरीनोचा बालोन शनिवारचा, तर रोममधील पोर्ता पोर्तेसे रविवार सकाळचा. या दोन्ही ठिकाणी नाणी विकणारा माणूस नाण्यांचा जाणकार असेलच असे नाही, आणि पोर्ता पोर्तेसेत खिसेकापूंपासूनही सावध राहावे लागते. व्हेरोना येथे वर्षातून दोनदा भरणारे व्हेरोनाफिल हे नाणी व तिकिटांचे प्रदर्शन व्यावसायिक विक्रेत्यांचे आहे. तेथे भाव थोडे चढे असतात, पण पावती आणि हमी मिळते.

शक्य असल्यास खरेदीआधी रोमच्या पालात्सो मास्सिमो संग्रहालयात एक दुपार घालवावी. इटलीचा राजा तिसरा व्हित्तोरियो एमानुएले हा स्वतः निष्णात नाणेसंग्राहक होता, आणि १९४६ मध्ये देश सोडताना त्याने आपला प्रचंड संग्रह इटालियन जनतेला दिला. त्या संग्रहातली नाणी या संग्रहालयात आहेत. अस्सल नाण्याची झळाळी आणि उठाव एकदा डोळ्यांत बसला की बाजारातले निम्मे धोके आपोआप टळतात.

दुसरी पायरी: जिभेची तयारी

मराठी माणसाला इटालियन उच्चार इंग्रजी माणसापेक्षा सोपे जातात. इटालियनमधले ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. त्यांचा ‘ट’ आणि ‘ड’ करू नये. किंमत या अर्थाच्या ‘प्रेत्सो’ शब्दातला ‘त्स’ हा आपल्या ‘चोर’ किंवा ‘चमचा’ यांतला च आहे, तर ‘चेर्को’ म्हणजे ‘मी शोधतो आहे’ यातला च ‘चहा’तला. एकाच व्यंजनाचे जोडाक्षर दिसेल तेथे त्या व्यंजनावर थांबावे: ‘सेत्ते’ म्हणजे सात हा शब्द घाईने ‘सेते’ म्हटला की ऐकणारा गोंधळतो. रोमन लिपीतला ‘एच’ उच्चारला जात नाही, म्हणून ‘आपल्याकडे आहे का’ हे केवळ ‘आ’ असे ऐकू येते.

अनोळखी विक्रेत्याशी बोलताना आदरार्थी ‘लेई’चे रूप वापरायचे, जसे आपण ‘तुम्ही’ वापरतो. पुढची सर्व वाक्ये त्याच रूपात दिली आहेत. वयस्कर विक्रेत्याला एकेरीत हाक मारली, तर तो काही बोलणार नाही, पण टेबलाखालचा चांगला आल्बमही बाहेर काढणार नाही.

तिसरी पायरी: टेबलापाशी

टेबलापाशी गेल्यावर आधी अभिवादन, मग नाण्यांकडे पाहणे. ‘बुओन्जोर्नो’ म्हणावे आणि विचारावे: ‘पोस्सो दारे उनोक्क्याता?’, म्हणजे ‘जरा पाहू का?’ उत्तर बहुधा ‘प्रेगो’ असे येते, म्हणजे ‘अवश्य’. विक्रेता लगेच मदतीला सरसावला आणि आपल्याला निवांत पाहायचे असेल, तर ‘स्तो सोलो ग्वार्दान्दो, ग्रात्स्ये’, म्हणजे ‘फक्त पाहतो आहे, धन्यवाद’ असे म्हटले की पुरते. पाहणारी स्त्री असली तरी वाक्य तेच राहते.

भाषेची अडचण पहिल्याच मिनिटात सांगून टाकावी: ‘पार्लो पोको इताल्यानो. प्वो पार्लारे प्यू लेन्तामेन्ते?’, म्हणजे ‘मला इटालियन थोडेच येते, जरा हळू बोलाल का?’ आणि आकडा कळला नाही तर ‘मे लो प्वो स्क्रीव्हेरे?’, म्हणजे ‘मला ते लिहून द्याल का?’ हे दुसरे वाक्य कोणत्याही परिस्थितीत पाठ असलेच पाहिजे. आकडा नीट न कळता होकार देणे हा या खरेदीतला सर्वांत महागात पडणारा प्रकार आहे.

त्यानंतर आपण कशाच्या शोधात आहोत ते सांगावे. इटालियन नाण्यांचे ढोबळ तीन काळ विक्रेत्यांच्या बोलण्यात सतत येतात. ‘मोनेते प्रेउनितार्ये’ म्हणजे १८६१ मधील एकीकरणापूर्वीच्या राज्यांची नाणी: पोपच्या राज्याचे बायोक्को, नापोलीच्या राज्याचे तोर्नेसे, आणि अशी इतर. ‘रेञ्ञो’ म्हणजे राजेशाही, १८६१ ते १९४६. ‘रेपुब्ब्लिका’ म्हणजे १९४६ नंतरचे प्रजासत्ताक, ज्याचा लीरा २००२ च्या आरंभी युरोची नाणी व नोटा आल्यावर चलनातून गेला. म्हणून वाक्य असे होते: ‘कोल्लेत्स्योनो मोनेते इताल्याने. चेर्को मोनेते देल रेञ्ञो.’ म्हणजे ‘मी इटालियन नाणी जमवतो, राजेशाहीतली नाणी शोधतो आहे.’

जवळजवळ प्रत्येक टेबलावर एक वाडगा किंवा डबा असतो आणि त्यात सुटी, स्वस्त नाणी ओतलेली असतात. त्याला ‘चोतोला’ म्हणतात. ‘पोस्सो चेर्कारे नेल्ला चोतोला?’ असे विचारून त्यात हात घालावा, आणि लगेच ‘क्वान्तो लूना?’, म्हणजे ‘एकाला किती?’ हेही विचारून घ्यावे. येथे कधी कधी दोन बाजूंना खाच असलेली पितळी रंगाची चकती सापडते. ती नाणे नसून सार्वजनिक दूरध्वनीसाठीचे ‘जेत्तोने’ आहे, जे एके काळी दुकानांत सुट्या पैशांसारखेही चालत असे. त्यावरचे चार आकडे वर्ष आणि महिना सांगतात, म्हणजे ७३०४ याचा अर्थ एप्रिल १९७३. किंमत फार नसते, पण इटलीच्या रोजच्या जगण्याचा हा एक सुरेख तुकडा आहे आणि मी तो घ्यायला जरूर सुचवेन.

चौथी पायरी: नाण्याचे टोपणनाव

ही पायरी पुस्तिकांमध्ये कधीच नसते, आणि तीच नसल्यामुळे माणूस टेबलापाशी मुका होतो. इटालियन संग्राहक नाण्याचे नाव मूल्याने पूर्ण करत नाहीत. मागच्या चित्रावरून पडलेले टोपणनाव वापरतात. तिसऱ्या व्हित्तोरियो एमानुएलेच्या काळातले दहा चेन्तेसिमींचे (चेन्तेसिमो म्हणजे लीराचा शंभरावा भाग) तांब्याचे नाणे म्हणजे ‘आपे’, मधमाशी. त्याच काळातले पाच चेन्तेसिमींचे ‘स्पीगा’, कणीस. पन्नास चेन्तेसिमींचे ‘लेओनी’, कारण त्यावर सिंहांनी ओढलेला रथ आहे. प्रजासत्ताकातले पाच लीरांचे ‘देल्फीनो’, डॉल्फिन. पन्नास लीरांचे ‘व्हुल्कानो’, ऐरणीवर काम करणारा लोहारदेव. शंभर लीरांचे ‘मिनेर्व्हा’. आणि चांदीचे पाचशे लीरांचे ‘काराव्हेल्ले’, कोलंबसाची तीन जहाजे. जुन्या सोन्याच्या वीस लीरांना ‘मारेन्गो’ म्हणतात, ज्याचे वजन ६.४५ ग्रॅम आणि शुद्धता हजारात ९०० असते. चांदीच्या मोठ्या पाच लीरांना ‘स्कूदो’ म्हणतात, वजन २५ ग्रॅम.

नाण्यावरच्या वर्षाला ‘मिल्लेसिमो’ म्हणतात, पण बोलताना शतक गाळले जाते. १९५६ हे ‘इल चिन्क्वान्तासेई’, म्हणजे नुसते ‘छप्पन’. समजा पाच लीरांच्या डॉल्फिनचा संच पुरा करायचा आहे आणि १९५६ चे राहिले आहे. त्या वर्षी ही नाणी फक्त चार लाखच पाडली गेली, म्हणून ती सहज मिळत नाहीत. तेव्हा म्हणावे: ‘मी मान्का इल चिन्क्वान्तासेई’, म्हणजे ‘माझ्याकडे छप्पनचे नाही’. हे एक वाक्य ऐकले की विक्रेत्याला समोरचा माणूस स्मरणवस्तू घ्यायला आलेला पर्यटक नाही हे कळते, आणि बोलण्याचा सूर बदलतो. दोन लीरा आणि पन्नास लीरांच्या मालिकेत असेच दुर्मीळ वर्ष १९५८ आहे.

मुसोलिनीच्या काळातील नाण्यांवर ख्रिस्ती वर्षाशेजारी रोमन अंकात फॅसिस्ट राजवटीचे वर्षही असते, उदाहरणार्थ १९३६ शेजारी चौदा. दोन आकडे पाहून गोंधळू नये. टांकसाळीला ‘त्सेक्का’ म्हणतात. छोटे ‘आर’ अक्षर रोमची टांकसाळ दाखवते, आणि पहिल्या राजाच्या, म्हणजे दुसऱ्या व्हित्तोरियो एमानुएलेच्या नाण्यांवर मिलानसाठी ‘एम’, नापोलीसाठी ‘एन’, तोरीनोसाठी ‘टी’ अशी अक्षरे सापडतात. ‘के त्सेक्का ए?’ म्हणजे ‘कोणत्या टांकसाळीचे?’

पाचवी पायरी: नाणे हातात घेणे

न विचारता नाण्याला हात लावू नये. ‘पोस्सो प्रेन्देर्ला इन मानो?’, म्हणजे ‘हातात घेऊ का?’ नाणे पाकिटात असेल तर ‘पोस्सो तोल्येर्ला दाल्ला बुस्तीना?’, म्हणजे ‘पाकिटातून काढू का?’ परवानगी मिळाल्यावर नाणे कडेने, अंगठा आणि तर्जनी यांमध्ये, टेबलापासून फार उंच न नेता धरावे. भिंग स्वतःचे न्यावे आणि तरीही विचारावे: ‘पोस्सो ग्वार्दार्ला कोन ला लेन्ते?’ खिशात मावणारा वजनकाटा असेल तर ‘पोस्सो पेसार्ला?’ या दोन प्रश्नांना प्रामाणिक विक्रेता आनंदाने ‘चेर्तो’ म्हणतो. तो कुरकुरला तर नाणे परत ठेवावे.

एक मोहरबंद पाकीटही दिसेल, ज्यावर तज्ज्ञाचे नाव, नाण्याचे वर्णन आणि शिक्का असतो. अशा नाण्याला ‘पेरित्स्याता’ म्हणजे तज्ज्ञाने तपासलेले म्हणतात, आणि ते पाकीट उघडण्याची मागणी कधीही करू नये, कारण मोहर तुटली की तज्ज्ञाची हमी संपते.

नाण्याच्या दर्शनी बाजूला ‘द्रीत्तो’, मागच्या बाजूला ‘रोव्हेश्शो’ आणि कडेच्या जाडीला ‘कोन्तोर्नो’ म्हणतात. यातला तिसरा शब्द नवखे लोक विसरतात. पन्नास चेन्तेसिमींचे ‘लेओनी’ हे गुळगुळीत कडेचे आणि बारीक रेघांच्या कडेचे असे दोन्ही प्रकारचे आहे, आणि त्यांच्या किमती वेगळ्या आहेत. म्हणून ‘ए लीश्शो ओ रिगातो?’, म्हणजे ‘गुळगुळीत की रेघांचे?’ असे विचारावे. कडेचे महत्त्व आणखी स्पष्ट होते ते पाचशे लीरांच्या जहाजांच्या नाण्यात. ११ ग्रॅम वजन, २९ मिलिमीटर व्यास, हजारात ८३५ शुद्धतेची चांदी; एका बाजूला शहरांच्या चिन्हांनी वेढलेला स्त्रीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला जहाजे. आणि वर्ष कोठेच दिसत नाही, कारण ते कडेवर उठावाच्या अक्षरांत असते. नाणे फिरवत फिरवत ते वाचावे लागते. या नाण्याची १९५७ ची थोडीशी चाचणी-नाणी आहेत, ज्यांवर जहाजांचे झेंडे नेहमीच्या नाण्याच्या उलट दिशेला फडकतात आणि ‘प्रोव्हा’ हा शब्द कोरलेला असतो. झेंड्यांची कथा सर्वदूर पसरल्यामुळे काही जण अगदी साध्या नाण्यालाही ‘उलट्या झेंड्यांचे’ म्हणून भरमसाट किंमत लावतात. अशा वेळी शांतपणे विचारावे: ‘चे स्क्रीत्तो प्रोव्हा?’, म्हणजे ‘प्रोव्हा असे लिहिले आहे का?’ नसेल तर ते चलनातले नेहमीचे नाणे आहे आणि त्याचा भाव चांदीच्या भावाच्या आसपास असायला हवा.

सहावी पायरी: अवस्था आणि दोष

विचारावे: ‘इन के कोन्सेर्व्हात्स्योने ए?’, म्हणजे ‘नाणे कोणत्या अवस्थेतले?’ उत्तर अक्षरांत येते आणि तेथेच भाषा जाणणारासुद्धा फसतो. ‘मोल्तो बेल्लो’ म्हणजे शब्दशः फार सुंदर, पण नाण्यांच्या व्यवहारात तो बऱ्यापैकी झिजलेल्या नाण्याचा दर्जा आहे. पाकिटावर ‘एम’ आणि ‘बी’ ही दोन अक्षरे असतात. त्याच्या वर ‘बेल्लिस्सिमो’, दोनदा ‘बी’: वापरलेले, पण अक्षरे व चित्र स्पष्ट असलेले. त्याच्या वर ‘स्प्लेन्दिदो’, ‘एस-पी-एल’: अत्यल्प झीज. आणि सर्वांत वर ‘फ्योर दी कोन्यो’, ‘एफ-डी-सी’: साच्यातून निघाल्यापासून चलनात न फिरलेले. पुढे ‘क्यू’ अक्षर असेल तर ‘क्वाझी’, म्हणजे ‘जवळजवळ’. दोन दर्जांमध्ये तिरकी रेघ असेल तर सहसा पहिला दर्जा पुढच्या बाजूचा आणि दुसरा मागच्या बाजूचा असतो. दुर्मीळतेचे प्रमाण ‘आर’ या अक्षराने दाखवतात: एक ‘आर’ दुर्मीळ, दोन ‘आर’ अतिदुर्मीळ, आणि ‘सी’ म्हणजे सर्रास मिळणारे.

प्रजासत्ताकातली बहुतेक नाणी कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली, म्हणून सर्रास वर्षांसाठी ‘फ्योर दी कोन्यो’पेक्षा खालच्या दर्जाला पैसे मोजण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तीच नाणी वाडग्यात काही सेंटांत मिळतात. राजेशाहीतल्या चांदीच्या नाण्यांबाबत मात्र ‘बेल्लिस्सिमो’ हा खिशाला आणि डोळ्यांना दोन्ही परवडणारा दर्जा आहे.

दर्जानंतर दोष, आणि दोष विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही. सर्वांत उपयुक्त प्रश्न: ‘ए स्ताता पुलीता?’, म्हणजे ‘हे साफ केलेले आहे का?’ आपल्याकडे चांदीचे भांडे चकचकीत करणे हे चांगल्या घराचे लक्षण, पण नाणे घासून चमकवले की त्याची निम्मी किंमत जाते. काळानुरूप चढलेल्या रंगछटेला ‘पातिना’ म्हणतात आणि ती असणे हा गुण आहे. उत्तरात ‘लुचिदाता’ असा शब्द आला तर नाणे घासून चमकवलेले आहे असे समजावे. ‘चे उन कोल्पो आल बोर्दो?’ म्हणजे ‘कडेला ठेच लागलेली आहे का?’ ‘ग्राफ्फ्यो’ म्हणजे ओरखडा, ‘फोराता’ म्हणजे भोक पाडलेले, आणि ‘त्राच्चा दी आप्पिक्काञ्ञोलो’ म्हणजे दागिन्यात घालण्यासाठी लावलेल्या कडीची खूण. सोन्याच्या नाण्यांवर ही शेवटची खूण वरच्या कडेला, साधारण बाराच्या काट्यापाशी शोधावी; डाग देऊन भरलेल्या जागी रंग किंचित निराळा दिसतो.

सातवी पायरी: खरे की खोटे

‘ए आउतेन्तिका?’, म्हणजे ‘अस्सल आहे का?’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण ‘सी’ म्हणजे ‘हो’ या उत्तरावर विसंबू नये; पुढचे प्रश्न खरे. ‘ए ऊना कोप्या?’ म्हणजे ‘नक्कल आहे का?’ ‘रिकोन्यो’ म्हणजे नंतरच्या काळात पुन्हा पाडलेले, आणि ‘फाल्सो देपोका’ म्हणजे त्याच काळात फसवणुकीसाठी केलेले खोटे नाणे. या शेवटच्या प्रकारालाही संग्राहक असतात आणि त्यात काही गैर नाही, मात्र किंमत त्या हिशेबाने हवी.

विशेष जपावे लागते ते शिरस्त्राण घातलेल्या राजाच्या १९२८ च्या वीस लीरांपासून. याला ‘एल्मेत्तो’ म्हणतात. खरे नाणे २० ग्रॅम वजनाचे आणि हजारात ६०० शुद्धतेच्या चांदीचे आहे, आणि त्याच्या नकला जवळजवळ प्रत्येक बाजारात आढळतात. त्याच नमुन्यावर शिरस्त्राणातल्या मुसोलिनीचा मुखवटा असलेल्या चकत्याही विकल्या जातात. मुसोलिनीचा मुखवटा इटलीच्या कोणत्याही चलनी नाण्यावर कधीच नव्हता. त्या केवळ काल्पनिक वस्तू आहेत. एक छोटा लोहचुंबक जवळ असावा, कारण चांदी त्याला चिकटत नाही. उलट पोलादी मिश्रणाची १९३९ आणि १९४० ची काही नाणी चुंबकीय आणि अचुंबकीय अशा दोन्ही प्रकारांत आहेत, म्हणून तेथे ‘ए मान्ञेतिका?’ हा प्रश्न प्रकार ओळखण्यासाठी विचारायचा.

मराठी वाचकाला ज्या नाण्याशी नाते वाटेल ते व्हेनिसचे सोन्याचे ‘त्सेक्कीनो’. १२८४ च्या निर्णयानंतर सुरू झालेले हे सुमारे साडेतीन ग्रॅमचे नाणे १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ त्याच वजनाने आणि त्याच चित्राने पाडले गेले: एका बाजूला संत मार्क गुडघे टेकलेल्या दोजेच्या, म्हणजे व्हेनिसच्या प्रमुखाच्या हाती ध्वज देतो आहे, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त. व्यापारातून हे सोने आपल्या किनाऱ्यावर आले, मराठी व्यवहारात ‘पुतळी’ म्हणून ओळखले गेले, आणि पुतळ्यांच्या माळेत आजही त्याची छाया आहे. त्याची मागणी एवढी होती की पूर्वेकडच्या देशांत आणि भारतातही त्याच्या नकला पाडल्या गेल्या. म्हणून इटलीच्या बाजारात ‘त्सेक्कीनो’ दिसले तर विचारावे: ‘ए दी व्हेनेत्स्या ओ ए उनिमितात्स्योने?’, म्हणजे ‘व्हेनिसचे आहे की नक्कल?’ भिंगाने अक्षरे पाहावी: अस्सल नाण्यावर दोजेचे नाव आणि लॅटिन वाक्य वाचता येते, तर नकलेत अक्षरांच्या जागी निरर्थक रेघोट्या येतात. ‘इमितात्स्योने ओर्येन्ताले’ असे उत्तर मिळाले तर निराश होण्याचे कारण नाही. मराठी घराला तीच नक्कल कदाचित अधिक जवळची ठरेल.

आठवी पायरी: आकडे आणि घासाघीस

किंमत विचारण्याचे सहज वाक्य: ‘क्वान्तो व्ह्येने क्वेस्ता?’ उत्तर कळण्यासाठी दशक आधी पक्के करावेत: व्हेन्ती वीस, त्रेन्ता तीस, क्वारान्ता चाळीस, चिन्क्वान्ता पन्नास, सेस्सान्ता साठ, सेत्तान्ता सत्तर, ओत्तान्ता ऐंशी, नोव्हान्ता नव्वद, चेन्तो शंभर. साठ आणि सत्तर यांत केवळ ‘स्स’ आणि ‘त्त’ एवढाच फरक आहे, आणि गर्दीत तो ऐकू येत नाही. तेथे लिहून मागावे. आपल्या पंचेचाळीसमध्ये पाच आधी येतात, इटालियनमध्ये मात्र चाळीस आधी आणि पाच नंतर: क्वारान्ताचिन्क्वे. ‘दूए ए चिन्क्वान्ता’ म्हणजे अडीच युरो, आणि लिहिताना युरो व सेंट यांच्यामध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो.

घासाघीस चालते, पण ती सौम्य. विक्रेत्याचे नाणे हिणवून भाव पाडण्याची रीत तेथे वाईट दिसते. ‘मी फा उन पो दी स्कोन्तो?’, म्हणजे ‘थोडी सवलत द्याल का?’ हे पुरेसे आहे. अधिक परिणामकारक वाक्य: ‘से ने प्रेन्दो त्रे, क्वान्तो मी फा?’, म्हणजे ‘तीन घेतली तर कसे द्याल?’ विक्रेत्याने पन्नास सांगितले आणि चाळीस द्यायचे असतील, तर ‘फाच्चामो क्वारान्ता?’, म्हणजे ‘चाळीस करू या?’ समोरून ‘नोन पोस्सो शेन्देरे’ आले तर तो खाली येऊ शकत नाही. ‘प्रेत्सो फीस्सो’ म्हणजे एकच भाव, तेथे पुढे ताणू नये. मन ठरत नसेल तर ‘ची पेन्सो, ग्रात्स्ये’, म्हणजे ‘विचार करतो’, किंवा ‘फाच्चो उन जीरो ए तोर्नो’, म्हणजे ‘एक फेरी मारून येतो’. ठरले की ‘ला प्रेन्दो’: ‘घेतो’. त्यानंतर भाव पुन्हा काढायचा नसतो. ‘आच्चेत्ता ला कार्ता?’ म्हणजे ‘कार्ड चालते का?’ उत्तर बहुधा ‘सोलो कोन्तान्ती’, फक्त रोख. इटलीत पाच हजार युरो किंवा त्याहून अधिक रकमेचा व्यवहार रोखीने करता येत नाही, हे मोठी खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

नववी पायरी: कागदपत्र

लीरा-सेंटांच्या वाडग्यातल्या नाण्यांसाठी कागद मागण्याची गरज नाही. पण सोन्याचे, प्राचीन किंवा महाग नाणे असेल तर कागद हा खरेदीचाच भाग आहे. इटलीच्या २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेच्या ६४ व्या कलमानुसार प्राचीन किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याने ग्राहकाला त्या वस्तूच्या अस्सलपणाचा आणि ती कोठून आली याचा दस्तऐवज द्यायचा असतो. वाक्य लांब आहे, म्हणून कागदावर लिहून न्यावे: ‘मी रिलाश्शा ऊना दिक्यारात्स्योने दी आउतेन्तिचिता ए दी प्रोव्हेन्येन्त्सा?’ साधी पावती हवी असेल तर ‘मी प्वो फारे ऊना रिचेव्हूता?’ पावतीवर मूल्य, वर्ष, टांकसाळ आणि दर्जा लिहायला सांगावे. नुसते ‘जुने नाणे’ हे वर्णन निरुपयोगी आहे.

रोमन किंवा ग्रीक नाण्याबाबत ‘के प्रोव्हेन्येन्त्सा आ?’, म्हणजे ‘हे कोठून आले?’ हा प्रश्न सर्वांत आधी. जुन्या संग्रहातून किंवा लिलावातून आले असे उत्तर मिळाले आणि त्याचा कागद असला तर पुढे जावे. ‘शेतात सापडले’ अशा अर्थाचे काही ऐकू आले, ‘त्रोव्हाता इन काम्पो’, तर तेथून निघावे. इटलीच्या भूमीत सापडलेली पुराणवस्तू राज्याच्या मालकीची असते, आणि काराबिनिएरी पोलिसांचे या विषयासाठीचे खास पथक १९६९ पासून काम करते आहे. स्वस्तात मिळालेल्या देनारिओसाठी, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्यासाठी, विमानतळावर अडकणे कोणालाही परवडणारे नाही. ७० वर्षांहून जुन्या आणि दुर्मीळ किंवा मौल्यवान नाण्यांना देशाबाहेर नेण्यासाठी निर्यात कार्यालयाची परवानगी लागू शकते. म्हणून पैसे देण्यापूर्वीच विचारावे: ‘सेर्व्हे उन पेर्मेस्सो पेर लेस्पोर्तात्स्योने?’, म्हणजे ‘निर्यातीसाठी परवाना लागेल का?’ व्यावसायिक विक्रेते हे काम स्वतः करून देतात, पण त्याला वेळ लागतो, तेव्हा परतीच्या आदल्या दिवशी अशी खरेदी करू नये.

काही संग्राहकांना तेथील विक्रेत्यांशी अदलाबदल करण्यासाठी घरून शिवराई किंवा जुने रुपये नेण्याचा मोह होतो. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे खरेदी रोख युरोत करावी, घेतलेले प्रत्येक नाणे वेगळ्या पाकिटात घालून त्याची पावती त्याच पाकिटामागे लावावी, आणि ही सर्व पाकिटे हातातल्या सामानात, सहज काढून दाखवता येतील अशी ठेवावीत.